दूध मापायचे लिटरने आणि कृती ग्रॅममध्ये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील पाककृतींचे पान मी नियमाने वाचते आणि त्यातील बऱ्याच कृती करूनही पाहते. त्या पानावर अलीकडे छापलेल्या मापांच्या चौकटीविषयी हे पत्र आहे. ‘एक कप म्हणजे २५० ग्रॅम’ असे एकच समीकरण त्या चौकटीत मैदा, साखर, रवा आणि दूध या चारही जिनसांना लावलेले आहे. शिवाय त्याच पानावरच्या तीन कृतींपैकी एकीत दूध ‘दोन वाट्या’, दुसरीत ‘अर्धा लिटर’ आणि तिसरीत ‘२५० ग्रॅम’ असे दिलेले आहे. कप आकारमान सांगतो आणि ग्रॅम वजन सांगतो. २५० मिलिलिटरच्या कपात हलक्या हाताने भरलेला मैदा जेमतेम १२५ ते १३५ ग्रॅम बसतो, साखर २०० ग्रॅमच्या थोडी वर जाते आणि दूध साधारण २५७ ग्रॅम भरते. म्हणजे चौकटीवर विसंबून जो वाचक काट्यावर मैदा मोजून घेईल, त्याचा मैदा जवळजवळ दुप्पट होईल आणि पहिलाच केक दगडासारखा होऊन ते त्याला कळेल. दुधाचा फरक इतका लहान आहे की तो कळत नाही. पण दुधाबाबत खरा घोळ दुसरीकडेच होतो आणि त्याचा उल्लेख कृतींमध्ये कधीच आढळत नाही.

आधी आकडा सांगते, कारण तो अगदी सोपा आहे. दूध पाण्यापेक्षा थोडे जड असते. नेहमीच्या तापमानाला एक लिटर दुधाचे वजन सुमारे १०३० ग्रॅम भरते, म्हणून मिलिलिटरला १.०३ ने गुणले की ग्रॅम मिळतात आणि ग्रॅमला १.०३ ने भागले की मिलिलिटर मिळतात. तोंडी हिशेब करायचा तर शंभराला तीन वाढवावेत, उलट दिशेने जाताना शंभरातून तीन कमी करावेत. २५० ग्रॅम दूध म्हणजे २४३ मिलिलिटर, आणि एक किलो दूध म्हणजे ९७१ मिलिलिटर. हे ताडून पाहण्यासाठी अर्ध्या लिटरची न फोडलेली पिशवी काट्यावर ठेवली तरी पुरे. ती प्लॅस्टिकचे दोन-तीन ग्रॅम धरून ५१५ ग्रॅमच्या थोडी पुढे दिसेल.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो असा की घट्ट दूध जड आणि पातळ दूध हलके. दुधातील स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो, त्याचा एक मिलिलिटर साधारण ०.९३ ग्रॅम भरतो. म्हणूनच साय वर तरंगते. दुधाला जडपणा येतो तो प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार यांच्यामुळे, म्हणजे डेअरीच्या भाषेत एसएनएफमुळे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांप्रमाणे टोन्ड दुधात किमान ३ टक्के फॅट व ८.५ टक्के एसएनएफ, डबल टोन्डमध्ये १.५ व ९ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ व ८.५ टक्के आणि फुल क्रीममध्ये ६ व ९ टक्के असावे लागते. या आकड्यांवरून हिशेब केला तर लिटरमागे टोन्ड दूध १०३१ ग्रॅम, फुल क्रीम १०३० ग्रॅम, स्टँडर्डाइज्ड त्याहूनही किंचित कमी आणि सगळ्यांत पातळ समजले जाणारे डबल टोन्ड १०३४ ग्रॅम भरते. दुग्धमापीने (लॅक्टोमीटरने) केलेली भेसळीची परीक्षा फसते तीही याच कारणाने: साय काढली की आकडा चढतो, पाणी घातले की उतरतो, आणि दोन्ही बेताने केले तर आकडा जागच्या जागी राहतो. स्वयंपाकापुरते पाहिले तर सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड पिशवीतला फरक लिटरमागे चार-पाच ग्रॅमचा, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढा आहे. म्हणून गायीचे दूध, म्हशीचे दूध, पिशवीचे दूध असे वेगवेगळे गुणक छापण्याची गरज नाही, १.०३ सगळ्यांना चालतो.

मग प्रश्न असा येतो की ही तीन टक्क्यांची दुरुस्ती तरी घरच्या स्वयंपाकात हवी कशाला? माझे मत असे की पुष्कळदा ती नकोच. शेवयांच्या खिरीत दूध अर्धा लिटर पडले की अर्धा किलो, याने काही बिघडत नाही. आवेष्टित वस्तूंच्या वैधमापन नियमांतही अर्ध्या लिटरच्या एखाद्या पिशवीत १५ मिलिलिटरपर्यंतची तूट क्षम्य धरली जाते (सरासरी मात्र छापलेल्या मापापेक्षा कमी असता कामा नये), आणि हे १५ मिलिलिटर म्हणजे पुन्हा तीन टक्केच होतात. प्रमाण वाढले की मात्र तीन टक्के जाणवू लागतात. वीस लिटर दुधाच्या बासुंदीचा हिशेब ‘लिटर म्हणजेच किलो’ असा केला तर सहाशे ग्रॅमची तफावत येते, आणि साखर व सुका मेवा त्याच हिशेबाने काढला असेल तर ती तिथेही उतरते. तेव्हा आचाऱ्याने हा गुणक ध्यानात ठेवावा. चार माणसांच्या घरात तो विसरला तरी चालेल.

घरच्या स्वयंपाकात ज्याने खरोखर फरक पडतो, ते म्हणजे दूध कशाने मापले आणि कोणत्या अवस्थेत मापले. वाटीला प्रमाण नाही. कुणाच्या घरची आमटीची वाटी दीडशे मिलिलिटरची असते, कुणाची दोनशेची, म्हणजे ‘दोन वाट्या दूध’ या शब्दांत शंभर मिलिलिटरचे अंतर सहज मावते. कपाची गोष्टही फारशी वेगळी नाही. अमेरिकेतील कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असतो आणि त्यात २४४ ग्रॅम दूध मावते. ऑस्ट्रेलियाचा कप २५० मिलिलिटरचा, तर जपानचा २०० मिलिलिटरचा. आपल्या पुरवणीत परदेशस्थ मराठी वाचकांच्या कृतीही येतात. न्यू जर्सीहून आलेला कप आणि मेलबर्नहून आलेला कप शेजारी शेजारी छापला जातो आणि दोन्ही पुण्याच्या स्वयंपाकघरात एकाच स्टीलच्या पेल्याने मापले जातात.

अवस्थेचा विचार तर याहून कमी होतो. उंचावरून ओतलेल्या दुधावर फेस येतो आणि फेसाने भरलेले माप दुधाने भरलेले नसते. तापवल्यावर दूध फुगते: फ्रीजमधून काढलेले दूध उकळीच्या जवळ पोहोचेपर्यंत त्याचे आकारमान सुमारे चार टक्क्यांनी वाढते आणि त्या वेळी लिटरभर दुधाचे वजन किलोच्या आसपास किंवा त्याच्या किंचित खाली असते. म्हणजे गरम दूध मापाने घेतले तर गुणकाने मिळवलेले तीन टक्के तापमान परत घेऊन जाते. आपल्याकडे दूध आणले की आधी तापवायचे, गार झाल्यावर साय बाजूला काढायची आणि उरलेले दूध दिवसभर वापरायचे असा रिवाज आहे. तेव्हा कृतीत ‘एक लिटर दूध’ लिहिलेले असते त्या वेळी ते पिशवीतले कच्चे एक लिटर, की तापवून, आटून, साय काढून उरलेले एक लिटर, हे वाचकाला कळणार कसे? वजनाने घेतले तर फेस आणि तापमान हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत, कारण एक किलो दूध थंड असो वा गरम, फेसाळ असो वा शांत, एक किलोच राहते. साय काढली की नाही हे मात्र काटा सांगत नाही. ते कृती लिहिणाऱ्यानेच सांगायला हवे.

दूध आटवण्याच्या कृतींत वजनाचा उपयोग सर्वांत जास्त होतो, आणि आपले निम्मे गोड पदार्थ तर आटवलेल्या दुधाचेच असतात. ‘दूध निम्मे होईपर्यंत आटवावे’ हे वाक्य आपल्या पानावर वारंवार येते. निम्मे झाले हे ठरवायचे कसे? बहुतेक जण कढईच्या कडेला उमटलेली दुधाची रेघ पाहतात किंवा उलथन्याच्या दांड्यावर खूण करून ठेवतात. पातेल्याच्या बाजू सरळ असतील तर ते ठीक आहे, पण कढई बुडाशी निमुळती असते. अगदी अर्धगोलाकार कढई काठोकाठ भरलेली धरली तर दुधाची उंची निम्मी होते तेव्हा तिच्यात निम्मे दूध उरलेले नसते. एक तृतीयांशाहूनही थोडे कमी उरलेले असते. खोलगट पातेल्यात बरोबर उतरलेली बासुंदी कढईत केली की रबडीकडे झुकते, याचे एक मोठे कारण हे आहे.

काट्यावर हेच काम सोपे होते. रिकाम्या कढईचे वजन आधी लिहून ठेवावे. समजा ते १२०० ग्रॅम आहे आणि तिच्यात दोन लिटर, म्हणजे २०६० ग्रॅम दूध घातले. एकूण वजन ३२६० ग्रॅम झाले. दूध निम्मे करायचे असेल तर कढईसकट वजन २२३० ग्रॅमवर येईपर्यंत आटवायचे. गॅस बंद करून, काट्यावर लाकडी पाट ठेवून त्याचे वजन शून्य करून घ्यायचे आणि त्यावर कढई ठेवायची. घरगुती काटे बहुधा पाच किलोपर्यंतचे असतात, तेवढे यासाठी पुरतात. साखर घालायची ती या मोजणीनंतर, नाहीतर तिचे वजन वजा करावे लागते. दूध आटताना जाते ते जवळजवळ सगळे पाणीच असते, त्यामुळे किती पाणी उडाले हे वजनावरून थेट कळते. आकारमानावरून ते तितके नेमके कळत नाही, कारण आटलेले दूध मुळातल्या दुधापेक्षा जड होत जाते: फुल क्रीम दुधाचे एक लिटर वजनाने निम्मे केले तर ५१५ ग्रॅम उरतात, पण गार झाल्यावर ते मापात ५०० मिलिलिटर भरत नाहीत, सुमारे ४८५ भरतात.

खव्याच्या हिशेबालाही वजनाची भाषाच लागते. ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ असलेल्या एक लिटर दुधात सुमारे १५५ ग्रॅम घन पदार्थ असतात. खव्यात तीस टक्के ओलावा राहू दिला तर त्याचा २२० ग्रॅम खवा होतो. टोन्ड दुधात घन पदार्थ १२० ग्रॅमच्या आतच असतात, आणि त्याचा खवा १७० ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही. गुलाबजामासाठी पाव किलो खवा घरी करायचा तर फुल क्रीम दूध सव्वा लिटरच्या आत पुरेल आणि टोन्ड दूध दीड लिटर लागेल. आपल्या पानावर मात्र ‘एक लिटर दुधाचा पाव किलो खवा’ असे सरसकट छापले जाते आणि दुधाचा प्रकार सांगितला जात नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी खवा कमी पडला की दूधवाल्यावर संशय घेतात. प्रत्येक वेळी तो बिचारा दोषी असतोच असे नाही.

पाव, ब्रेड आणि केक यांच्या कृतींमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पाण्याऐवजी दूध घालायचे असेल तेव्हा ‘तेवढेच दूध घ्यावे’ असे लिहिले जाते. टोन्ड दुधात पाणी ८८.५ टक्के असते आणि फुल क्रीममध्ये ८५ टक्के. अर्धा किलो मैद्याला ३०० ग्रॅम पाणी लागत असेल आणि त्याऐवजी ३०० ग्रॅम टोन्ड दूध घातले तर पिठाला पाणी २६५ ग्रॅमच मिळते, आणि कणीक घट्ट होते. तेवढेच पाणी मिळायला ३४० ग्रॅमच्या आसपास टोन्ड दूध किंवा ३५० ग्रॅमच्या थोडे वर फुल क्रीम दूध लागेल. दुधातील स्निग्धांशामुळे पीठ मऊ राहते, त्यामुळे प्रत्यक्षात इतके सगळे घालावे लागत नाही, परंतु सुरुवात कोठून करायची हे तरी कळते.

१.०३ हा गुणक कुठे लावू नये हेही सांगितले पाहिजे. साखर घातलेले डब्यातील आटवलेले दूध इतके जड असते की त्याचे १०० मिलिलिटर १३० ग्रॅमच्या आसपास भरतात. त्या डब्यावर ग्रॅमच छापलेले असतात आणि कृतीतही ग्रॅमच असावेत. २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीमचे मिलिलिटर आणि ग्रॅम जवळजवळ सारखे येतात. आणि खरवसाच्या चिकाला तर कोणताच ठरावीक गुणक नाही. व्यायल्यानंतरच्या पहिल्या धारेच्या चिकाची घनता १.०५ च्या पुढे जाते, त्यातील प्रथिने नेहमीच्या दुधाच्या चौपट असू शकतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही झपाट्याने उतरतात. म्हणून ‘एक वाटी चिकाला एक वाटी दूध’ हे प्रमाण पहिल्या दिवशीच्या चिकाला कमी पडते आणि तिसऱ्या दिवशी खरवस धरतच नाही. येथे काटाही फारशी मदत करत नाही. चमचाभर मिश्रण वाटीत वाफवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि चीक कोणत्या दिवसाचा ते कृतीत लिहिणे भाग आहे.

दुधाच्या व्यवसायाला हे सगळे नवीन नाही. अनेक संकलन केंद्रांवर दूध काट्यावर जाते आणि १.०३ ने भागून लिटरमध्ये नोंदले जाते. राष्ट्रीय पातळीवर सहकारी संघांच्या दूध संकलनाचे आकडे लाख किलोमध्ये दिले जातात, तर आपल्या राज्यात शेतकऱ्याच्या गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफच्या लिटरवर ठरतो. उत्तरेत आजही लोक दूध किलोनेच मागतात. आपल्या आज्यांच्या वह्यांतील ‘शेरभर दूध’ हेही याच जातीचे आहे: ऐंशी तोळ्यांचा वजनाचा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे दुधात सुमारे ९०५ मिलिलिटर, पण मापाचा शेर गावोगाव निराळा असे, त्यामुळे जुन्या वहीतील कृती आज करताना वही कोणत्या गावची हे पाहावे लागते. खाद्यतेलाच्या पिशवीवर मात्र लिटरसोबत वजनही छापलेले असते (१ लिटर, ९१० ग्रॅम), आणि तुपाच्या लिटरच्या पाकिटावरही ९०५ ग्रॅम दिसतात. दुधाच्या पिशवीवर दूध संघांनी असाच दुसरा आकडा छापला तर शाईखेरीज त्यांचा काही खर्च होणार नाही.

संघ ते करतील तेव्हा करोत. आपल्या हातात आहे ते पान आपण सुधारावे, अशी विनंती आहे. चौकटीतील ‘एक कप म्हणजे २५० ग्रॅम’ हे समीकरण काढून टाकावे आणि तिथे प्रत्येक जिनसाचे वजन वेगळे द्यावे. कृतीत दूध ग्रॅममध्ये आणि मिलिलिटरमध्ये असे दोन्ही प्रकारे लिहावे, दुधाचा प्रकार लिहावा आणि ते कच्चे मापले की तापवून साय काढल्यावर, हे दोन शब्दांत सांगावे. आटवण्याच्या कृतींत ‘निम्मे’ किंवा ‘एक तृतीयांश’ याऐवजी शेवटी किती ग्रॅम उरावे तो आकडा द्यावा. ज्यांच्या घरी काटा नाही त्यांच्यासाठी वाटी राहू द्यावी, परंतु ती किती मिलिलिटरची हे पानाच्या तळाशी एकदाच ठरवून छापावे आणि कृती पाठवणाऱ्यांनाही तीच वाटी धरून लिहायला सांगावे. ज्यांच्याकडे काटा आहे त्यांना एक सूचना अशी की पुष्कळ घरगुती काट्यांवर पाणी आणि दूध यांच्यासाठी मिलिलिटरच्या वेगवेगळ्या खुणा असतात. बटण चुकून पाण्यावर राहिले तर दुधाचा आकडा तीन टक्क्यांनी जास्त दिसतो.

पुढील रविवारसाठी आपण दुधी हलव्याची कृती जाहीर केली आहे आणि तिच्यात ‘दीड लिटर दूध’ असे आधीच छापून झाले आहे. ते १५४५ ग्रॅम होते. दूध फुल क्रीम घ्यायचे की टोन्ड, एवढे तरी त्या दिवशी छापावे.

आपली,
एक वाचक, सांगली